इसार देण्याआधी अंगणाचा नंबर विचारा

तुमची पोस्ट वाचत ‘दिवाळीपूर्वी इसार द्यायचा आहे’ या वाक्यापर्यंत आले आणि हातातला चहा खाली ठेवला. ठाण्यातलं मिशनचं बंद पडलेलं प्रार्थनागृह विकत घ्यायचं, आत मजला टाकून राहायची जागा, खालच्या दालनात बायकोचे भरतनाट्यमचे वर्ग, महिन्यातून एखादा प्रयोग, विश्वस्त भले, विक्रीचा ठराव झालेला. आणि प्रश्न काय, तर वर दोन खोल्या बसतील का आणि खर्च किती येईल. खोल्या बसतील. खर्चाचं इथे बाकीचे सांगतीलच, प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, मी त्यात पडत नाही.

आम्ही नेमकं हेच केलंय. जुन्या ठाण्यात, मासुंदा तलावापासून चालत दहा मिनिटांवर. इमारतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली जुनी मंडळी अजून आमच्याकडे येतात-जातात. नवरा नाटकांची प्रकाशयोजना करतो. मी बँकेत कर्जविभागात होते, म्हणजे एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे कागद तपासायचं काम केलं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की बाईंना यातलं काही कळत नसेल. कळत होतं. तरी झालं.

धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते तुम्ही गृहीत धरलंय असं समजते. (नसेल धरलं तर इथेच थांबा आणि वकिलाला फोन करा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ३६. विक्रीच नाही, बिगरशेती जागेचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टा असला तरी आधी परवानगी लागते. विश्वस्तांचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, मग ते कितीही भले असोत. आणि सुनावणीच्या वेळी तुमच्यापेक्षा जास्त किंमत देणारा कुणी उभा राहिला तर तोंडात बोट घालायची वेळ येते, तीही तयारी ठेवा.)

आमच्याकडे ही परवानगी होती. रीतसर जाहिरात, मूल्यांकन, सुनावणी, सगळं. २०१५च्या ऑक्टोबरात आदेश हातात आला तेव्हा आम्ही दोघांनी मामलेदारची मिसळ खाल्ली, तिखट, आणि त्या रात्री नवरा मला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या चर्चचे फोटो दाखवत बसला. तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च, २००६पासून आत पुस्तकांचं दुकान. एका बाजूला काळ्या पोलादाचे दोन-तीन मजली रॅक, भिंतींना धक्का नाही. आपणही असंच करू, म्हणाला. तुम्हीही पोस्टमध्ये असलेच परदेशी फोटो टाकलेत, म्हणून आठवलं.

खरेदीखत करायला दुय्यम निबंधकाकडे जायला मे उजाडला. मधले सात महिने कशात गेले? आर्किटेक्टच्या नकाशांत, पैशाच्या जुळवाजुळवीत (अशा जागेवर गृहकर्ज मिळत नाही, माझ्याच बँकेने दिलं नाही) आणि शुद्ध आळसात. परवानगी मिळाली, आता घाई कसली?

काउंटरच्या बाईंनी कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, “दुसऱ्या नंबरची पत्रिका?”

दुसरा नंबर म्हणजे? दस्तात ‘प्रार्थनागृह व त्यासमोरील मोकळे आवार’ असं लिहिलं होतं आणि पुढे दोन सि.स. (सिटी सर्व्हे, म्हणजे नगर भूमापनाचे) नंबर होते, विश्वस्त संस्थेच्या नोंदीतून जसेच्या तसे उतरवलेले. इमारत एका नंबरात. दारासमोरच्या पायऱ्या, विहीर, चिंचेचं झाड आणि फाटक दुसऱ्या नंबरात. वकिलाने तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) घेतला तो पहिल्या नंबरावर, कारण आम्ही त्याला एकच मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दिली होती. ती मीच काढून आणली होती. धारक म्हणून संस्थेचं नाव, सत्ताप्रकार (जागा कुठल्या हक्काने धारण केली आहे ते) ‘क’, स्वच्छ. समोरच्या अंगणाला वेगळा नंबर असेल हे डोक्यातच आलं नाही. कुंपण एक, फाटक एक, घरपट्टीचं बिल एक.

दुसरी पत्रिका काढली. सत्ताप्रकाराच्या रकान्यात एकच अक्षर: ब.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. ‘ब’ म्हणजे ती जागा कधीकाळी सरकारने अटी घालून दिलेली आहे. ती परस्पर विकता येत नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायची रक्कम. धर्मादायची परवानगी वेगळी, ही वेगळी, एकीने दुसरी भागत नाही.

लोक विचारतात, मग अंगण सोडून नुसती इमारत का नाही घेतली? इमारतीला रस्ता त्या अंगणातूनच होता. आणि धर्मादायचा आदेश दोन्ही नंबरांचा, एकत्र, एका किमतीला. तो फोडायचा तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आमच्या आदेशात खरेदीखत करायला एक वर्षाची मुदत होती, त्यातले सात महिने मी वर सांगितलं तसे घालवलेले.

आता ‘ब’ची परवानगी मागायला गेलो ते सरकारी कार्यालय. नाव घेत नाही, ठाण्यातल्या लोकांनी अंदाज बांधू नये, बहुतेक चुकेल. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, “जागा दिल्याचा मूळ आदेश आणा.” इंग्रजांच्या काळातला आदेश. मी म्हटलं, जागा सरकारने दिली, तर आदेश सरकारकडेच असणार ना? “मग नकलेसाठी अर्ज करा.” कुठे? “इथेच.” केला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, अभिलेख जीर्ण असल्याने आढळून येत नाही. ते उत्तर घेऊन त्याच मजल्यावर, त्याच माणसाकडे गेले. त्याने वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, “मूळ आदेशाशिवाय प्रस्ताव कसा पाठवणार?”

हे दीड वर्ष चाललं. मध्ये साहेब बदलले. नव्या साहेबांना फाइल वाचायची होती. २०१७च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक, म्हणजे अख्खं कार्यालय निवडणुकीच्या कामाला. मग मार्चअखेर. मग फाइल ‘वर’ गेली होती, पण वर म्हणजे कुठे ते कुणी सांगेना. एकदा मी चिडून म्हटलं की मी पण एकवीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेय, तर शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसला आणि त्याने मला खुर्ची दिली. दीड वर्षात मिळालेली तेवढीच मदत. धर्मादायकडे मुदतवाढीला दोनदा जावं लागलं, त्याचा वकील वेगळा, खर्च वेगळा. ‘आत आपला माणूस आहे’ म्हणणारेही दोघं भेटले. त्यांच्या नादी लागू नका. एकाने घेतलेले पैसे मी अजून मनातून सोडलेले नाहीत.

सुटका झाली ती तालमीच्या चहावर. नवऱ्याच्या नाटकातल्या एका मुलाचे वडील परिरक्षण भूमापक (नगर भूमापनाच्या नोंदी सांभाळणारे) म्हणून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, आदेश कशाला मागता? चौकशी नोंदवहीचा उतारा मागा.” गावठाणाचं नगर भूमापन झालं तेव्हा प्रत्येक नंबराची चौकशी होऊन, कोण कशाच्या आधारावर धारण करतो ते एका वहीत लिहिलेलं असतं. पत्रिकेवरचं ते ‘ब’ तिथूनच आलेलं. माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपये, तीन आठवड्यांत उतारा आला. त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख. तो क्रमांक घेऊन गेले तर ‘आढळून न येणारा’ आदेश दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. फाटलेला नव्हता, वाळवी नव्हती. आधी शोधलाच नव्हता, इतकंच.

नजराण्यासाठी मुलीच्या नावाच्या ठेवी मोडल्या. खरेदीखत झालं २०१८च्या नोव्हेंबरात.

म्हणून इसार देण्याआधी, साठेखताआधी, अगदी आर्किटेक्टला जागा दाखवण्याआधी हे करा. नगर भूमापन कार्यालयात जाऊन त्या जागेचा नकाशा डोळ्यांनी बघा. पत्रिका आता महाभूमीच्या (सरकारी जमीन-नोंदींच्या) पोर्टलवर घरबसल्या मिळते, पण ती तुम्ही जो नंबर टाकाल त्याचीच मिळते, न टाकलेल्या नंबराबद्दल ती काही बोलत नाही. कुंपणाच्या आत नकाशावर जेवढ्या रेघा दिसतील तेवढ्या सगळ्या नंबरांच्या पत्रिका काढा. विहीर, गल्ली, मागची मोरी, काही सोडू नका. प्रत्येकीवर धारकाचं नाव संस्थेच्या आजच्या नोंदणीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा (मिशनच्या जागांवर परदेशी मंडळाचंच नाव राहून गेलेलं असतं, फेरफारच झालेला नसतो) आणि सत्ताप्रकार बघा. ‘ब’ निघाला तर सौदा मोडा असं मी म्हणत नाही. पण ते काम विकणाऱ्याचं, त्याच्या खर्चाने आणि त्याच्या वेळेने होऊ द्या. धर्मादायकडे अर्ज त्यानंतर. आम्ही क्रम उलटा केला.

दुसरी चूक त्या वाट बघण्यातूनच झाली. विश्वस्तांनी चावी दिली होती, डागडुजी करून घ्या म्हणाले. २०१६च्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, आणि एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून मी तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली भिंत. चुन्यातली भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं. दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूला लोणा (क्षाराचा पांढरा थर) आला, पोपडे सुटले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्यांची भिंतीत गेलेली टोकं ओलीने कुजली. वरची मंगळुरी कौलं, वासे, रिपा ठणठणीत, आणि बुडाशी लाकूड बोटाने टोकरलं तर भुगा. तीन कैच्या बदलल्या. गिलावा छिन्नीने काढून पुन्हा चुन्याचा केला, मुरवलेल्या चुन्याचा, त्याचा कारागीर मिळवायला वसई पालथी घातली. तुमचा कंत्राटदार ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणाला की त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मजल्याचं एवढंच, की जुन्या भिंतीत तुळई घुसवू नका. लोखंडी सांगाडा स्वतःच्या पायावर, भिंतीपासून सुटा उभा करा. मास्ट्रिक्टवाल्यांनी तेच केलंय.

किरकोळ वाटणाऱ्या पण महागात पडणाऱ्या काही गोष्टी. वर्ग आणि प्रयोगांसाठी विजेचा मीटर वेगळा घ्या. घरगुती मीटरवर शिकवणी-कार्यक्रम चालवलेत आणि तपासणी आली तर वीज कायद्याचं कलम १२६ लागू शकतं, दुप्पट दराने आकारणी, आणि कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. आमच्या ओळखीत एकाला बसलंय. आणि वापरातला बदल हाही एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या भाषेत ‘विकास’च असतो, भिंतीला हात न लावता नुसतं प्रार्थनागृहाचं घर केलंत तरी महापालिकेची परवानगी लागते. पन्नास किंवा जास्त माणसं जमणार असतील तर अग्निशमनवाले तुमच्याकडे घर म्हणून बघत नाहीत, सभागृह म्हणून बघतात. दोन दारं आणि बाहेर उघडणारी, हे नकाशातच घ्या.

आवाज! हे कुणी सांगत नाही. उंच छप्पर, उघडा दगड, तिथे ख्याल गायला तर स्वर्ग. नाटकाचं वाक्य मात्र तिसऱ्या रांगेत पोहोचेपर्यंत त्याचा काला झालेला. तुमच्या बायकोच्या नट्टुवांगमचे (झांजांच्या तालावर म्हणायचे) बोलही एकमेकांवर चढतील. आम्ही भारीतले ध्वनिशोषक पॅनेल विचारले, किंमत ऐकून परत आलो आणि सासूबाईंच्या जुन्या गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या. अकरा आहेत. लोकांना ती कलाकृती वाटते, फोटो काढतात.

जागा कॅथलिक असेल तर प्रार्थनागृहाचा वापर थांबवण्याचा बिशपचा लेखी आदेश मागा (त्यांच्या कायद्यात १२२२वा नियम आहे). बाकीच्यांत पद्धत वेगवेगळी. कागद लागो न लागो, तिथल्या उरलेल्या मंडळींना भेटा. आमच्याकडच्या एका आजींचा एकच प्रश्न होता, नाताळात गाणी म्हणायला येऊ का? येतात, दर वर्षी, आता आमचीही मुलगी त्यांच्यात उभी असते.

तुमची जागा ठाण्यात आहे म्हणून हे सगळं. नवी मुंबईत सिडकोने संस्थेला दिलेला भूखंड असता तर गोष्टच वेगळी, तो भाडेपट्ट्यावरचा आणि हस्तांतराला सिडकोची परवानगी. आणि मी वकील नाही, आमच्या बाबतीत जे झालं ते लिहिलंय. नियम बदलतात, तुमच्या वकिलाला विचारूनच काय ते करा, फक्त त्याच्या हातात सगळ्या पत्रिका द्या.

तुमच्या तिसऱ्या फोटोत फाटकाजवळ दगडी कठड्याची विहीर दिसतेय. तिचा सि.स. नंबर इमारतीचाच आहे का, ते बघून या. शनिवारी जाऊ नका, सरकारी कार्यालयं बंद असतात.