जुन्या वाद्यांवर वाजवलेले बरोक कॉन्चेर्टो खरंच वेगळे लागतात, की ही नुसती हौस आहे?

वेगळे लागतात, आणि फरक ऐकायला संगीताचं शिक्षण लागत नाही. बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 चं युरोपीय संगीत, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एक किंवा काही मुख्य वाद्यं ऑर्केस्ट्राशी संवाद करतात अशी रचना. जर्मनीत राहायला आल्यापासून मी जुन्या वाद्यांवर वाजवणारे ऑर्केस्ट्रा जमेल तेव्हा समोर बसून ऐकतो. माझं तर मत असं झालंय की काही रचना या वाद्यांशिवाय नीट उलगडतच नाहीत.

जर्मन संगीतकार बाखचा दुसरा ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोच घ्या. 1721 मध्ये त्याने ब्रँडेनबुर्गच्या मार्गग्राफला, म्हणजे तिथल्या राजघराण्यातल्या सरदाराला, सहा कॉन्चेर्टो अर्पण केले, त्यातला हा. यात मुख्य वाद्यं चार: ट्रंपेट, रेकॉर्डर, ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) आणि व्हायोलिन. रेकॉर्डर म्हणजे सरळ धरून वाजवायची लाकडी बासरी, आवाज अगदी नाजूक. तिच्या शेजारी ट्रंपेट बसवणारा बाख काय वेडा होता का? आजच्या ट्रंपेटसमोर रेकॉर्डर बऱ्याचदा दबून जातो आणि असंच वाटतं. पण बरोक ट्रंपेटला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नसतात, नळी लांब असते आणि सूर ओठांनी व श्वासाने काढावे लागतात. कसलेल्या वादकाच्या हातात तो वरच्या सुरांमध्ये चक्क मऊ वाजतो. मग चारही वाद्यं एकमेकांना उत्तरं देताना स्पष्ट ऐकू येतात आणि बाखचा हिशोब पटतो.

तंतुवाद्यांची गोष्ट आणखी गमतीची आहे. तारा धातूच्या नसून मेंढीच्या आतड्याच्या तातीच्या असतात. सारंगीचा सूर ज्यांच्या कानात बसलाय त्यांना हा आवाज लगेच ओळखीचा वाटेल: सुराच्या सुरुवातीला किंचित खरखर आणि मग ऊब. गजही वेगळा. तो हलका असतो, टोकाकडे तर फारच, त्यामुळे गज ओढला की सूर आपोआप विरत जातो. खाली ओढलेला आघात जड, वर नेलेला हलका. बरोक संगीतात नाचाची लय ठासून भरलेली आहे, आणि ती या गजामुळे न सांगता बाहेर येते. आधुनिक गजाने एकसारखा लांबवलेला सूर सुंदर असतो, पण त्यात ही लय सपाट होते.

पुढे बसलात तर चेलोवाल्याकडे बघा; चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, बसून वाजवायचा भाऊ. वाद्याखाली टेकवायचा दांडा नसतो, दोन्ही पोटऱ्यांमध्ये चेलो धरून तो वाजवतो. दोन भागांच्या मध्ये सगळे पुन्हा सूर लावायला लागतात, कारण हवेतला दमटपणा आणि दिव्यांची उष्णता तातीला सहन होत नाही. त्यांचा सूरही खाली असतो: आज ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झला लावतात, हे लोक सहसा 415 ला. म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्या पेटीच्या काळी चारवर येते.

कंडक्टर बहुधा नसतोच. पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवर (पियानोसारख्या पट्ट्यांचं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य) बसलेला माणूस मानेने इशारा देतो. हार्पसिकॉर्डवाल्यासमोर बऱ्याचदा फक्त खालच्या सुरांची ओळ आणि तिच्यावर काही आकडे असतात, बाकीचं तो जागच्या जागी भरतो. तिसऱ्या ब्रँडेनबुर्गच्या मधल्या भागात तर बाखने फक्त दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, लिहून ठेवलेत. तिथे कोण काय करतं हे ऐकायला मी टपून बसलेला असतो.

मात्र ‘बाखच्या काळी अगदी असंच वाजत होतं’ असा दावा कुणी केला तर मी तो मान्य करणार नाही. बरीचशी वाद्यं जुन्यांवरून नव्याने बनवलेली असतात. ट्रंपेटला आज अनेक वादक सूर सावरायला बारीक भोकं ठेवतात, ती बाखच्या काळात नव्हती. चेलोवादक निकोलाउस आर्नोनकूरने 1953 मध्ये व्हिएन्नात कोन्सेन्टुस मुझिकुस हा जुन्या वाद्यांचा गट सुरू केला, तेव्हापासून हे वादक जुने ग्रंथ वाचून आणि प्रयोग करूनच शिकत आलेत. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट म्हणूनच हे संगीत ताजं वाटतं.

ऐकायचं असेल तर आर्नोनकूरचं 1964 चं ब्रँडेनबुर्गचं रेकॉर्डिंग आणि मग फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्राचं ऐका. बरोक काळातल्याच इटालियन संगीतकार विवाल्डीसाठी मिलानचा इल जार्दिनो आर्मोनिको हा गट. पाचव्या ब्रँडेनबुर्गच्या पहिल्या भागात शेवटाकडे सगळे थांबतात आणि हार्पसिकॉर्ड एकटंच सुटतं, ते चांगल्या हेडफोनवर ऐका. प्रत्यक्ष जाणार असाल तर छोटं सभागृह निवडा आणि पुढचं तिकीट काढा. मोठ्या हॉलच्या मागच्या रांगेत हार्पसिकॉर्ड जेमतेम पोचतं.