संकष्टीच्या दिवशी ऑपेरा हाउसला

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईबाबांना मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये नाटक दाखवायला नाशिकहून नेणार आहे. दोघंही पंचाहत्तरीचे. त्या दिवशी नेमकी संकष्टी, म्हणजे आईचा उपवास. बाबांना मिसळ हवी, मला सामिष आवडतं. नाटक सहाला आहे. खायचं आधी की नंतर, आणि कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधीच खा, पण थोडं. माझा जन्म नाटकांचं नेपथ्य लावण्यात गेला. भरपेट जेवून आलेली मंडळी पहिल्याच अंकात पेंगायला लागतात, हे मी विंगेतून कायम बघत आलो आहे. मध्यंतरातल्या वड्यावर भिस्त ठेवू नका, रांगेतच घंटा होते.

चारच्या सुमारास ठाकुरद्वारला विनय हेल्थ होम गाठा. बाबांना साधी मिसळ, आईला उपवासाची, दोघं एकाच टेबलावर. मात्र बाबांना आधीच सांगून ठेवा, ही नाशिकची काळ्या रश्शाची मिसळ नव्हे. ही सौम्य असते, कडधान्याची चव तिखटाखाली दबत नाही, आणि मला तीच आवडते. वर एकेक पेला पीयूष घ्या. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर बसू द्या, गिरगावात ती रीतच आहे.

ती रीत कशी पडली तेही सांगतो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन 1853मध्ये ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. पुढे सिनेमा आला : 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये. ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बालगंधर्व गायले, पुढे पृथ्वीराज कपूर यांची पृथ्वी थिएटर्स तिथे खेळ करायची. संध्याकाळ झाली की या चार रस्त्यांवर माणसांचा लोंढा उतरायचा. त्यात चाळीच्या खोलीत दाटीवाटीने राहणारे, खाणावळीत जेवणारे चाकरमानी पुष्कळ. खेळाची वेळ गाठायची घाई, खिशात मोजके पैसे. त्यांच्यासाठी बशीभर, ताजं आणि झटपट देणारी उपाहारगृहं इथे रुजली, आणि मिळेल त्या टेबलावर बसायची रीतही. मॅजेस्टिक सिनेमा गेला, त्या जागी शॉपिंग सेंटर आलं. ऑपेरा हाउससुद्धा 1993 ते 2016 बंद होतं. ते पुन्हा उघडलं तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही. म्हणून माझा आग्रह आहे की नाटकाला याल तेव्हा इथल्याच जुन्या ठिकाणी खा. मॉलमधलं खाणं नाशिकलाही मिळतं.

तुमच्या सामिषासाठी पूर्वी मी बेधडक खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाचं नाव घेतलं असतं. ते बंद झालं, त्याची हळहळ अजून जात नाही. तुम्ही मुक्कामाला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी धोबी तलावला कयानीत जा. 1904 सालचं इराण्याचं हॉटेल आहे. तुम्ही खिमा-पाव घ्या, आईबाबांना ब्रुन-मस्का आणि चहा.

आता आईच्या उपवासाचं. चंद्रोदय मुंबईचा बघा, नाशिकपेक्षा इथे चंद्र थोडा उशिरा उगवतो. उपवास सोडायला काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय चांगलं. 1945पासूनची गुजराती थाळी, गरम फुलके, वाढणारेही अगत्याचे. पण गल्ली अरुंद आहे आणि जिना चढावा लागतो. रात्री किती वाजेपर्यंत पानं वाढतात ते दुपारीच फोन करून विचारा. आईला जिना झेपणार नसेल तर हट्ट करू नका. गिरगावातून निघतानाच मोदक बांधून घ्या आणि वरणभात मुक्कामी सांगून ठेवा.

तिकिटं अजून काढली नसतील तर खालच्या मजल्याचीच काढा. आणि येताजाता टॅक्सी करा, चर्नी रोडच्या पुलाचे जिने त्या दोघांना चढायला लावू नका.