टुंड्रातली जमीन खचते, घसरत नाही

प्रश्न पुण्यातल्या एका भूगोल शिक्षिकांचा आहे. पर्माफ्रॉस्टमधला, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीतला, बर्फ वितळून टुंड्रातली (उत्तर ध्रुवाजवळच्या थंड, वृक्षहीन प्रदेशातली) जमीन खाली बसते, त्याला 'भूस्खलन' म्हणावं की 'भूमिपात'?

माझ्या मते दोन्ही नकोत. स्खलन म्हणजे घसरणं, आणि त्याला उतार लागतो. 2014 साली आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला, ते भूस्खलन. आपल्या बोलीत दरड कोसळली. टुंड्रात बहुतेक ठिकाणी सपाट जमीन जागच्या जागी खाली जाते. यासाठी मराठीत 'खचणे' हे नेमकं क्रियापद आहे. पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत ढासळते, पण पाया खचतो. केबलसाठी खणून घाईत बुजवलेला चर पहिल्या मोठ्या पावसात खचतो. आधार खालून गेला, की खचणं.

टुंड्रात हा आधार बर्फाचा असतो. सलग दोन वर्षं तरी शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्यात बर्फ असेलच असं नाही, आणि असला तरी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांपुरताच असेल तर जमीन फारशी खचत नाही. खचते ती पोकळ्यांत मावेल त्याहून जास्त बर्फ असलेली. कडाक्याच्या थंडीत जमिनीला भेगा पडतात, वसंतात त्यांत पाणी उतरून गोठतं. शेकडो-हजारो वर्षं हेच घडत राहिलं की बर्फाच्या उभ्या पाचरी तयार होतात. वरून पाहिलं तर त्यांची बहुकोनी जाळी दिसते. पाचरी वितळल्या की जाळीच्या रेघांवर चर पडतात, मधली माती उंचवट्यासारखी उरते आणि खळग्यांत पाणी साचतं. त्या पाण्यामुळे खालची जमीन आणखी तापते, म्हणून एकदा सुरू झालेलं खचणं पसरत जातं.

या भूरूपांना 'थर्मोकार्स्ट' म्हणतात. त्यातला 'कार्स्ट' स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावरून आला. तिथे चुनखडी पाण्यात विरघळून खळगे पडतात. टुंड्रात विरघळत काहीच नाही, साम्य दिसण्यापुरतं. म्हणून शब्दशः भाषांतर करू नये. भूरूपांसाठी 'थर्मोकार्स्ट' तसाच ठेवावा, आणि क्रियेला 'हिमवितळजन्य भूखचण' असला जोडशब्द घडवण्यापेक्षा 'बर्फ वितळून जमीन खचणे' असं सरळ लिहावं. मुलांना ते पहिल्या वाचनात कळेल, आणि पाठ्यपुस्तकात मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

'पर्माफ्रॉस्ट वितळतो' हा प्रयोगही टाळावा. वितळतो त्यातला बर्फ. माती तिथेच राहते, फक्त गोठलेली राहत नाही.

एक अपवाद मात्र आहे. सायबेरियात बातागाइका इथे सुमारे एक किलोमीटर लांबीची प्रचंड घळ तयार झाली आहे. तिचा उभा कडा उन्हाळ्यात वितळत मागे सरकतो आणि चिखल उतारावरून वाहून जातो. तिथे 'कडा ढासळतो' म्हणावं. नुसतं 'खचतो' तिथे अपुरं पडेल.