समाजकार्यकर्ता नेमके काय करतो आणि त्यासाठी काय शिकावे लागते?

आपण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि समाजसेवा हाच व्यवसाय करता येतो का, असे विचारले आहे. करता येतो, मात्र आपल्या सोलापुरात चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवर ज्यांच्या नावाआधी ‘समाजसेवक’ झळकते त्यांचे काम वेगळे आणि रीतसर शिकून, पगार घेऊन केले जाणारे समाजकार्य वेगळे, हे आधी ध्यानात घ्यावे.

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करत असताना मी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रत्यक्ष कामासाठी, शहराच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत जात असे. तिथल्या एका बाईंनी क्षयरोगाची औषधे दुसऱ्याच महिन्यात सोडली होती आणि त्यांच्या कागदावर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडला होता. मी गेलो की त्या बोलत, पण हात थांबत नसत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली तेंदूची पाने आणि दोरा. चौथ्या भेटीत, मी मोडकेतोडके तेलुगू बोलू लागल्यावर, त्यांनी सांगितले की औषध मिळण्याची वेळ आणि कारखान्यात विड्या द्यायची वेळ एकच आहे, आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने ती वेळ चुकवणे त्यांना परवडत नाही. आशाताईंशी बोलून औषध घरपोच मिळण्याची सोय झाली. खंडामुळे उपचार लांबले, पण पूर्ण झाले. अभ्यासक्रमात याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. त्याच्या नोंदी लिहिण्यात माझा भेटींपेक्षा अधिक वेळ गेला, हेही सांगून ठेवतो.

बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदवी करता येते, आपण मात्र पदवीधर होणार असल्याने थेट दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.ला अर्ज करावा, विषय कोणताही चालतो. सोलापुरात वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत आणि मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हे शिक्षण मिळते. पुढे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक, बालकांसाठी परिविक्षा अधिकारी (कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची चौकशी व देखरेख करणारे) अशी पदे असतात. स्वयंसेवी संस्थांमधील नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की संपतात, तेव्हा घरच्यांना याची कल्पना आधीच द्यावी.

आपल्याला तेलुगू किंवा कानडी येत असेल तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा. मला कामापुरते तेलुगू शिकायला वर्ष लागले.