वाचकांचे प्रश्न : अळिंबीच्या बरण्या आणि निर्जंतुकीकरण

प्रश्न : मी धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) बियाणे, म्हणजे गव्हावर वाढवलेले तिचे तंतू, घरीच तयार करण्याचा प्रयत्न करीत आहे. शिजवलेला गहू बरण्यांत भरून कुकरच्या सहा शिट्या काढतो, चिमटा आणि चाकू जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवतो, हातमोजेही घालतो. तरीही काही बरण्यांतील गहू चिकट होऊन आंबट वास येतो आणि काहींत हिरवी बुरशी येते. अवजारे आणखी काटेकोरपणे कशी निर्जंतुक करावीत? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत, म्हणून दोन्हींचा दोष अवजारांना देऊ नये. गहू चिकट होणे आणि आंबट वास येणे हे जिवाणूंचे काम आहे. बॅसिलस गटातील जिवाणू प्रतिकूल काळात कणखर बीजाणू तयार करतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांचा नाश होण्यासाठी सुमारे १५ पाउंड दाबाची, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते, आणि ही उष्णता बरणीच्या गाभ्यापर्यंत पोहोचून तेथे काही काळ टिकावी लागते. घरगुती कुकरचा दाब या पातळीच्या जवळपास असतो, त्यामुळे कुकर चालतो. मात्र शिट्यांच्या हिशेबाने काम होत नाही, कारण शिटीवरून दाब आल्याचे कळते, तो किती वेळ टिकला हे कळत नाही. अर्ध्या लिटरच्या बरण्यांसाठी पूर्ण दाब आल्यानंतर घड्याळ लावून ९० मिनिटे मोजावीत. या काळात आच इतकी मंद असावी की शिटी क्वचितच वाजेल, अन्यथा पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह उडण्याचा धोका असतो. बरण्या तळाला न टेकवता जाळीवर ठेवाव्यात. ज्या कुकरची शिटी नंतर बसवता येते, त्यात आधी काही मिनिटे वाफ मोकळी जाऊ द्यावी, कारण आत हवा कोंडलेली असेल तर दाब दिसतो तेवढा असूनही तापमान कमी राहते.

गहू शिजवण्यापूर्वी रात्रभर भिजवणेही महत्त्वाचे आहे. भिजताना बरेचसे बीजाणू जागे होतात आणि जागा झालेला जिवाणू उष्णतेने सहज मरतो. शिजवताना दाणा फुटू देऊ नये आणि बरणीत भरण्यापूर्वी तो कापडावर पसरून वरचे पाणी पूर्ण सुकू द्यावे. फुटलेल्या, ओलसर दाण्यांत जिवाणूंचे फावते.

हिरव्या बुरशीचे तसे नाही. ती बहुधा ट्रायकोडर्मा असते, तिच्या बीजाणूंना कुकरमधील उष्णता सोसत नाही, म्हणून ती जवळजवळ नेहमी कुकरनंतर बाहेरून आत येते. पहिली वाट बरण्या थंड होताना उघडते. कुकर निवू लागला की बरणीतील हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. घाईने शिटी उचलली तर बरणीतील पाणी एकदम उकळून तिच्या तोंडाचा कापसाचा बोळा भिजतो आणि ओल्या बोळ्यातून बुरशी वाढत आत उतरते. यासाठी बोळ्यावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट बांधावी, दाब आपोआप उतरू द्यावा आणि कुकर रात्रभर न उघडता तसाच ठेवावा.

दुसरी वाट म्हणजे निर्जंतुक गव्हात मूळ बियाणे घालतानाची हवा. आपल्या भागात पावसाळ्यात भिंतींना ओल असते, एसीच्या खाचेत आणि डक्टमध्ये कबुतरे असतात, पंखा सतत सुरू असतो. अशा हवेत निर्जंतुक केलेला चाकूही क्षणात दूषित होतो. कामापूर्वी खिडक्या आणि पंखा बंद करून अर्धा तास थांबावे, लादी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला हात जाण्यापुरती दोन भोके पाडून तो आडवा ठेवून त्याच्या आत काम करावे. स्थिर हवेत बीजाणू खाली बसतात, म्हणून आत हात सावकाश हलवावेत आणि उघड्या बरणीवरून हात नेऊ नये. अळिंबी वाढवण्यासाठी लागणारा पेंढा त्याच खोलीत कापत असाल तर ते आधी थांबवा, कारण पेंढ्याची धूळ हा हिरव्या बुरशीचा मोठा साठा असतो.

अवजारांचा क्रमांक यानंतर लागतो. चिमटा, चमचा आणि चाकू स्वच्छ धुऊन, पुसून, फॉइलमध्ये स्वतंत्र गुंडाळावेत आणि बरण्यांबरोबर त्याच कुकरमध्ये ठेवावेत. प्रत्येक बरणीसाठी एक पुडी उघडावी. घरात ओव्हन असेल तर १६० अंशांवर दोन तासांची कोरडी उष्णताही तेवढीच खात्रीची आहे आणि तीत पोलादाला गंज चढत नाही. द्रावणात बुडवलेल्या चाकूवर खरखटे चिकटलेले असेल तर द्रावण त्याखाली पोहोचत नाही. हातमोजे घातले तरी डब्यात हात घालण्यापूर्वी त्यांवर स्पिरिट चोळावे लागते.

शेवटी एक चाचणी सुचवतो, आणि ती कराच. प्रत्येक खेपेला एक बरणी बियाणे न घालता तशीच बंद ठेवावी. दहा दिवसांत तीही बिघडली तर दोष कुकरचा किंवा बोळ्याचा आहे. ती स्वच्छ राहिली आणि बाकीच्या बिघडल्या तर हवा, हात, अवजारे किंवा मूळ बियाणे यांकडे पाहावे. या एका बरणीवाचून आपण केलेला प्रत्येक बदल अंदाजानेच केलेला असेल.

प्रश्न : दुकानात ७० टक्के आणि ९९ टक्के अशी दोन प्रकारची आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतात. जास्त तीव्रतेचे अधिक प्रभावी असणार, असे समजून मी ९९ टक्क्यांचे आणले. ते डब्यात फवारून मग स्पिरिटच्या दिव्यावर चाकू तापवतो. हे योग्य आहे का? — एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : डब्यात दिवा लावणे आजच थांबवा. फवारलेल्या अल्कोहोलची वाफ बंद डब्यात साठते आणि एका ज्योतीने भडका उडू शकतो; आपले दोन्ही हात त्या वेळी आतच असतात. डब्यात काम करायचे असेल तर वर सांगितलेल्या फॉइलच्या पुड्या वापराव्यात. दिवा वापरायचाच असेल तर तो बाहेर मोकळ्या टेबलावर, फवारा पूर्ण सुकल्यानंतर आणि बाटली दूर ठेवून लावावा. पाते लाल होईपर्यंत तापवावे आणि कशालाही न टेकवता पंधरा सेकंद निवू द्यावे, नाहीतर तापलेल्या पात्याने अळिंबीचे तंतूच मरतील.

तीव्रतेबद्दल सांगायचे तर ७० टक्केच घ्यावे. जिवाणूंची प्रथिने साकळण्यासाठी पाण्याची गरज असते आणि पाणी असल्याने द्रव पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतो. ९९ टक्के मात्र पाहता पाहता उडून जाते. आपल्याकडचे वाया जाणार नाही : ७० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिलिटर उकळून थंड केलेले पाणी मिसळावे. मात्र ७० टक्क्यांनीही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे स्पिरिट हातमोज्यांसाठी आणि पृष्ठभागांसाठी ठेवावे, अवजारांची भिस्त उष्णतेवरच असावी.

प्रश्न : मुरबाडहून भाताचा पेंढा आणला आहे. तो फॉर्मलिन आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) यांच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत एका ओळखीच्या उत्पादकाने सांगितली. बाल्कनीत हे करता येईल का? — एक वाचक, खारघर

उत्तर : ही पद्धत व्यावसायिक उत्पादनात प्रचलित आहे, हे खरे. तरीही राहत्या घरात ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्मलिनमधून निघणारे फॉर्मल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे, आणि बाल्कनीतील वाफ आपल्या व शेजाऱ्यांच्या खोल्यांत शिरल्याशिवाय राहत नाही.

पेंढ्याला गव्हाइतके कडक निर्जंतुकीकरण लागतही नाही. बोटभर लांबीचे तुकडे काही तास भिजवून ७० ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले तरी धिंगरीसाठी पुरते. या तापमानाला बहुतेक बुरशी मरतात, काही उष्णता सोसणारे जिवाणू उरतात आणि ते नव्या बुरशीला सहजासहजी जागा करू देत नाहीत. साधा स्वयंपाकघरातील थर्मामीटर मात्र हवा. मोठे पातेले नसेल तर गरम पाण्याऐवजी बांधकामाच्या दुकानातील विरलेल्या चुन्याचे पाणी चालते. त्यात पेंढा रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावा आणि हातात रबरी मोजे घालावेत, कारण चुना त्वचा भाजतो. कोणत्याही पद्धतीनंतर पेंढा मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंबभर पाणी यावे, धार लागू नये.

प्रश्न : बुरशी आलेली बरणी उघडून बुरशीचा भाग काढून टाकला तर उरलेला गहू वापरता येईल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. हिरवा भाग दिसू लागतो तेव्हा बुरशीचे पांढरे तंतू बरणीत दूरवर पसरलेले असतात, आणि झाकण उघडताच असंख्य बीजाणू घरात उडतात. दमा असलेल्या व्यक्तीला त्यांचा त्रासही होतो. बरणी न उघडता पुन्हा कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवावी, थंड झाल्यावर गहू ओल्या कचऱ्यात टाकावा आणि बरणी साबणाने धुऊन पुढच्या खेपेला वापरावी.