रक्त तपासायचं की घडताना बघायचं?

पत्र: मुलगी बेळगावजवळ खानापूरला सेकंड पीयूला (बारावीला) आहे, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीव) घेऊन. माशाच्या पिल्लात रक्त कसं तयार होतं त्याचा व्हिडिओ बघितल्यापासून ‘नीट’ ही डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा सोडून ‘मी हेच शिकणार’ म्हणते. रक्तावर शिकून शेवटी लॅबमध्ये सुयाच टोचायच्या ना? — एक पालक

उत्तर: रामराम. सुया टोचायचं काम डीएमएलटीवाल्यांचं, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्यांचं. तेही वाईट नाही, पण तुमच्या पोरीच्या डोक्यात वेगळंच आहे: रक्त मुळात घडतं कसं, ते शोधायचं.

तो मासा बहुधा झेब्राफिश. आपल्याकडच्या ओढ्यांतलाच, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याचा गर्भ काचेसारखा आरपार दिसतो. एका दिवसात हृदय धडधडायला लागतं, रक्तपेशी पळायला लागतात. आता रन्क्स-१ हे जनुक बंद पाडलं, तर पहिल्या खेपेचं रक्त फिरतं, पण महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीतून ज्या मूळ पेशी निघायच्या, ज्यांच्यावर पुढचं सगळं रक्त चालतं, त्या धड निघतच नाहीत. गाटा-१ हे दुसरं जनुक बंद केलं तर तांबड्या पेशीच होत नाहीत. माणसातही पहिलं रक्त गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पीतक-पिशवीत (गर्भाला जोडलेल्या पिशवीत) बनतं, पुढे यकृतात, मग हाडांच्या मगजात. बदलीच्या नोकरीसारखं बिऱ्हाड हलतं आणि हुकूम जनुकांचे. रन्क्स-१ बिघडलेलं ल्युकेमियातही (रक्ताच्या कर्करोगात) सापडतं, म्हणून डॉक्टरांनाही यात रस. बंगळूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत मनीषा इनामदार यांच्या गटाने अशाच एका जनुकाला ‘असृज्’ नाव दिलं. संस्कृतात असृज् म्हणजे रक्त!

आता रस्ता. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी, पुण्यातही आहे. प्रवेशपरीक्षेत 60 प्रश्न: जीव, रसायन, भौतिक, गणित, प्रत्येकी 15. नीटची तयारी वाया जात नाही, गणित मात्र आजपासून काढा. आणि इथे कर्नाटकचे की महाराष्ट्राचे हा आपला जुना घोळ नाही, राज्याचा कोटाच नाही. नाही जमलं तर बेळगावातच बी.एस्सी. प्राणिशास्त्र, मग जॅम ही देशपातळीची प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी. पुढे पीएचडीची पाचेक वर्षं. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. कायम नोकरीला तिशी उजाडेल, हे आधीच मनाला सांगून ठेवा.

तोवर एक करा. घरी खुडूक कोंबडी बसली असेल तर चौथ्या रात्री पोरीला एक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरायला सांगा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतील. तुम्हीही बघा, आणि अंडं गार व्हायच्या आत परत कोंबडीखाली सारा.