स्विमिंग पूलचा रोबोट: ३८ हजाराची दुरुस्ती करावी का नवा हप्त्यावर घ्यावा?

खुलताबाद तालुक्यातल्या एका दादांचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. म्हैसमाळ रोडला त्यांचं कृषी पर्यटन केंद्र, सहा खोल्या आणि १२ बाय ६ मीटरचा पोहायचा पूल, सरासरी चार फूट खोल. पूल बांधला तेव्हा गुत्तेदारानं पुलाचा तळ आणि भिंती घासणारा एक वायरवाला रोबोट क्लीनर दिलेला, पाच वर्षं चालला, पण दिवाळीपासून भिंत चढत नाही आणि पाच-दहा मिनिटांत बंद पडतो. पुण्याच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगून टाकलं की मोटर युनिट गेलं, ३८,००० लागतील. विकणारा म्हणतो जुन्यात पैसे घालू नका, नवा १,६०,००० ला घ्या, १०,००० आत्ता द्या, बाकी ७,७५० चे २४ हप्ते. मेव्हणे म्हणतात ऑनलाईन बॅटरीवाला ६०,००० ला मिळतो. बचत २,१०,००० आहे, केंद्राच्या कर्जाचा २४,००० चा हप्ता चालू आहे आणि जूनमध्ये मुलीची इंजिनिअरिंगची फी ९०,०००. प्रश्न असा की "नवा घेतला तर सालगड्याचं काम वाचंल, त्यातच हप्ता निघंल का?"

नाही निघणार दादा. सालगडी तुम्ही पाडव्याला ठरवता, वर्षाचे पैसे ठरतात, अर्धी उचल तर आधीच गेलेली असते. त्यानं पूल घासला काय आणि मोसंबीच्या बागेत गेला काय, तुमच्या खिशातून तेवढेच जाणार. रोबोटनं त्याचे आठवड्याचे पाच-सहा तास मोकळे होतील हे खरं, पण मोकळे तास म्हणजे वाचलेले पैसे नव्हेत, ते तेव्हाच पैसे होतात जेव्हा त्या तासांत तो असं काही करतो ज्याला तुम्ही नाहीतर रोजानं माणूस लावला असता. तुमच्या मेसेजमध्ये तसलं काही दिसलं नाही. विकणाऱ्यानं "महिन्याला एका माणसाचा पगार वाचतो" हे जे गणित दिलंय ते शहरातल्या सोसायटीचं आहे, जिथं पूलवाल्याला महिन्यानं पैसे देतात.

पण म्हणून रोबोट बिनकामाचा आहे असं नाही. तुमच्याच मेसेजमध्ये एक ओळ आहे जिच्यावर तुम्ही स्वतः फार लक्ष दिलं नाही. रोबोट बंद पडल्यापासून आठवड्यातून दोनदा हाताने व्हॅक्युम मारता, आणि काळ्या मातीची बारीक धूळ वाळूच्या फिल्टरमधून परत पुलात येते म्हणून वेस्टवर टाकून पाणी सरळ बाहेर सोडता. तुमचा पंप ताशी १५,००० लिटरचा. वीस मिनिटं व्हॅक्युम म्हणजे ५,००० लिटर गेलं, आठवड्याला दोनदा म्हणजे १०,०००, म्हणजे बरोबर एक टँकर. आत्ता माघात बोअरला पाणी आहे म्हणून ते दिसत नाही, पण तुम्हीच लिहिलंय की मार्चच्या मध्यापासून बोअर उचक्या देतं आणि टँकर २,२०० ला पडतो. तिथून जूनच्या मध्यापर्यंत तेरा आठवडे धरा, २८,६०० रुपये निव्वळ घाण बाहेर काढायला. रोबोट घाण स्वतःच्याच जाळीत धरतो आणि पाणी पुलातच ठेवतो, अधूनमधून बॅकवॉश (म्हणजे वाळूचा फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं) लागेलच तरी पंचवीस हजाराच्या आसपास एका उन्हाळ्यात वाचतात. इकडं मराठवाड्यात रोबोटचा हिशोब पाण्यावर मांडायचा, पगारावर नाही. बाहेर सोडलेलं पाणी एक दिवस हौदात ठेवून झाडांना देता ते चांगलंय, पण टँकरच्या भावानं झाडाला पाणी देणं कुणालाच परवडत नाही.

आता ह्याच हिशोबात तिन्ही पर्याय टाकून बघा. दुरुस्ती ३८,००० आणि पुढं दोन उन्हाळे चालला तरी वर्षाला १९,००० पडले, पंचवीस वाचले, म्हणजे थोडं का होईना वर. नवा १,६०,००० चा, पाच वर्षं धरला तर वर्षाला ३२,०००, व्याज वेगळंच, म्हणजे नुसत्या पाण्यावर तो निघत नाही. नवा घ्यायला वेगळं कारण लागेल, जसं दुसरा पूल होणार आहे किंवा जुना खरंच दुरुस्तीपलीकडं गेलाय.

आणि तो हप्ता. दीड लाखाला १२ टक्के फ्लॅट म्हणून सांगितलंय, ऐकायला बरं वाटतं. पण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडत आणलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत पूर्ण व्याज घेतात. दीड लाखावर दोन वर्षांचं ३६,००० व्याज, ७,७५० गुणिले २४ म्हणजे १,८६,०००, आणि हेच बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मोजलं तर दर जवळपास साडेएकवीस टक्के येतो. प्रोसेसिंग फी असली तर अजून वर. तुमच्या केंद्राचं कर्जसुद्धा एवढ्या महाग दरानं नाही.

त्यातही माझी खरी अडचण दराची नाही. तुमचा धंदा एप्रिल-मे, मग श्रावणात भद्रा मारुती आणि घृष्णेश्वरची गर्दी, मग दिवाळी ते नाताळ असा उड्या मारत चालतो, आणि मधल्या महिन्यांत २४,००० च काढताना दमछाक होते असं तुम्हीच म्हणलंय, त्यावर ७,७५० ची भर म्हणजे दर महिन्याला ३१,७५०. आणि पाऊस नाही पडला तर? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसलं वर्ष आलं तर पूल भरायचाच का हा प्रश्न पडेल, रोबोट कोपऱ्यात आणि हप्ता मात्र चालूच. जे यंत्र पाण्यावाचून बेकार होतं ते आपल्या भागात कर्जावर घेऊ नये, ह्या बाबतीत मी जरा कडकच आहे.

विकणारा "जीएसटी परत मिळतो, टॅक्स वाचतो" म्हणाला तेही बघू. तुमच्या सगळ्या खोल्या दिवसाला ७,५०० च्या आतल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा खोल्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी वळता करून घेणं, मिळत नाही. म्हणजे १,६०,००० मधले साधारण २४,४०० जीएसटीचे आहेत ते तुमच्याच डोक्यावर. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा मशिनरीला १५ टक्के, आणि मार्चच्या तोंडावर घेतलं तर पहिल्या वर्षी त्याच्याही निम्मं, आणि तुम्ही रिटर्न अंदाजित उत्पन्नाच्या स्कीममध्ये भरत असाल तर वेगळं काहीच नाही. सीएला विचारून घ्या, पण टॅक्ससाठी म्हणून घेऊ नका. केसीसीतून (किसान क्रेडिट कार्डातून) काढू का असंही विचारलंय, तर नको. सवलतीचं व्याज पिकासाठी आहे, ते इकडं वळवलं आणि खरिपाच्या तोंडावर लिमिट संपलेलं असलं तर बियाण्याला सावकार गाठावा लागेल.

मेव्हण्यांचा बॅटरीवाला. घरच्या छोट्या पुलाला तो बरा असतो, वायरची कटकट नाही. पण त्याची लिथियम बॅटरी दोन-चार वर्षांत दम सोडते, आणि बरेचदा बॅटरी आतच सीलबंद असते, म्हणजे बॅटरी गेली की जवळजवळ मशीनच गेलं. तुमच्याकडं सीझनला रोज चालवावा लागणार, बॅटरी लवकर म्हातारी होणार. शिवाय वॉरंटी कार्ड नीट वाचा, बहुतेकांवर फक्त घरगुती वापरासाठी असं असतं, पर्यटन केंद्राच्या नावानं बिल दाखवलं की हात वर. हे नव्या वायरवाल्यालाही लागू आहे बरं का, विकणारे घरगुती मॉडेल सर्रास रिसॉर्टला देतात.

म्हणजे माझं मत दुरुस्तीकडं आहे, पण ३८,००० लगेच पाठवू नका. मशीन न बघता फोनवर सांगितलेलं निदान आहे ते. पाच-दहा मिनिटांत बंद पडणं म्हणजे बहुतेक वेळा मोटरवर लोड येतोय आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतोय. लोड कशानं येतो ते आधी घरीच बघता येतं. प्लग काढा, मशीन पाण्याबाहेर घ्या, वरचं झाकण उघडा, पाणी जिथून बाहेर फेकलं जातं तिथली जाळी एक-दोन स्क्रूवर असते ती काढा. खाली छोटा पंखा दिसेल, त्याला इम्पेलर म्हणतात. तुमच्याकडं लोक साध्या कपड्यांवर उतरतात हे मला माहितीय, तर त्या पंख्याच्या दांड्याला लांब केस आणि सुती धागे गुंडाळून घट्ट बुचडा झालेला निघायची चांगलीच शक्यता आहे. चिमट्यानं काढा, पंखा बोटानं मोकळा फिरतो का बघा. भिंत न चढण्याचं कारण बहुतेकदा ब्रश असतात, टाईल्सच्या पुलाला स्पंजसारखे मऊ ब्रश लागतात आणि पाच वर्षांत ते गुळगुळीत झाले नसतील तर नवलच. घाण धरणारी जाळी चोंदलेली असली तरी चढत नाही, भिंतीवर शेवाळाचा बुळबुळीतपणा असला तरी नाही.

मग पॉवर सप्लायचा डबा. तो २३० व्होल्टचे २४ ते ३० व्होल्ट डीसी करतो, आणि फोटोत तो पुलाच्या कडेला भर उन्हात ठेवलेला दिसतोय. तापला की तो बंद पडतोच. सावलीत ठेवा, पाण्यापासून किमान साडेतीन मीटर लांब, लाईनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजे, आणि रोबोट आत असताना पुलात कुणीही नको. एवढं करून संध्याकाळी चालवून बघा. मशीनजवळची वायर हलवली की चालू-बंद होतो का तेही बघा, तसं होत असेल तर वायर आतून तुटलीय, मोटर नाही. ब्रश, पट्टे आणि नवी बारीक जाळी ह्यात आठ-दहा हजारांत काम भागलं तर उरलेले अठ्ठावीस तुमचेच.

नाहीच भागलं तर पुण्याला पाठवा, पण आत्ताच, कारण उन्हाळ्यात त्यांच्याकडं रांग लागते आणि तुमचे नेमके कमाईचे आठवडे जातात. कोटेशन लेखी घ्या, मोटर युनिट नवं टाकणार का जुनंच उघडून सील बदलणार ते त्यात पाहिजे, काढलेला पार्ट परत मागा, आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी. वायर आणि पॉवर सप्लायही गेलेत म्हणून आकडा साठच्या वर गेला तर मात्र सोडून द्या, हा उन्हाळा टँकरवर काढा, २८,६०० जातील, चालतील.

दुरुस्त झाल्यावर सालगड्याला दोन गोष्टी पक्क्या सांगा. एक, प्रत्येक फेरी झाली की मशीन बाहेर काढायचं, वायर धरून ओढायचं नाही, हँडल धरून, आणि जाळी तिथंच पाईपनं धुवायची, काळी माती एकदा वाळली की खरवडावी लागते. दुसरं, क्लोरीनचा मोठा डोस टाकलेल्या रात्री रोबोट आत सोडायचा नाही, रबर आणि सील त्यानंच जातात. वायरला पीळ पडलेले असतात, आठवड्यातून एकदा ती उन्हात सरळ लांब पसरून ठेवायची. मंगळवारी वेरूळ लेणी बंद असतात, तुमच्याकडंही शुकशुकाट असतो, तोच दिवस ह्या कामाला ठेवा. विजेचं म्हणाल तर १८० वॅटचा रोबोट दोन तास चालला तर एक तृतीयांश युनिटच्या थोडं वर, पाचेक रुपये. फक्त तो शेतीपंपाच्या कनेक्शनवर लावू नका, मेसेजमध्ये तसं ओझरतं आलंय म्हणून सांगतो, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं वसुली होते आणि ती एकट्या रोबोटपुरती राहणार नाही.

आता पैशाची मांडणी. २,१०,००० मधले ९०,००० मुलीच्या फीचे, ते आजच वेगळ्या एफडीत टाका म्हणजे हात लागणार नाही. उरले १,२०,०००, दुरुस्तीचे सगळे ३८,००० गेले तरी ८२,००० राहतात, म्हणजे बँकेचे तीन हप्ते आणि थोडे वर. मला सहा हप्ते म्हणजे १,४४,००० शिल्लक पाहिजेत, त्यामुळं मे महिन्याच्या गल्ल्यातून पहिल्यांदा हा खड्डा भरा. तो भरला की ५,००० ची आरडी चालू करा, साडेसहा टक्क्यानं दोन वर्षांत १,२८,००० च्या आसपास जमतील, तोवर हा जुना चालला तर नवा रोबोट जवळजवळ रोखीनं येतो, आणि ते वर्ष दुष्काळाचं निघालं तर आरडी तुमचीच आहे.

आणि दुरुस्तीत पैसे वाचले तर ते पूलच्या कव्हरवर घाला, त्याचं कोटेशन घेऊन ठेवा. ७२ चौरस मीटरच्या पुलातून मे महिन्यात दिवसाला पाऊण ते एक सेंटीमीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे पाच-सातशे लिटर, आठवड्याला जवळपास अर्धा टँकर, आणि ह्यावर कुठलाच रोबोट इलाज नाही. कव्हरचं कोटेशन आणि इम्पेलर उघडल्यावरचा फोटो दोन्ही पाठवा, मग आकडे परत बसवू.